शाळेचे जनरल रजिस्टर आणि बाल न्यायाचा कायदा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी या शाळेत गणित शिकवीत आणि अनेक वर्षे शाळेच्या दप्तराची जबाबदारीही सांभाळीत. यंदा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले तेव्हा मी बाल न्यायाचा कायदा निवडला. विद्यालयाच्या व्यासपीठावर अपराध, पोलीस आणि कोठडी यांची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु बडोद्याच्या न्यायालयांत तीस वर्षे वकिली करताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. अल्पवयीन म्हणविणाऱ्या मुलाचे प्रकरण उभे राहिले की सर्वांत आधी जो कागद मागविला जातो, तो बहुधा शाळेचा असतो. तो कागद काय म्हणतो यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून या विषयाचे खरे स्थान शाळेतच आहे, असे माझे मत आहे.

प्रथम एक समज दूर करू. ‘लहान आहे म्हणून कायदा त्याला सोडून देतो’, असे आपण सर्रास ऐकतो. वस्तुतः कायदा मुलाला सोडून देत नाही; तो त्याच्याविषयी वेगळा प्रश्न विचारतो. प्रौढ आरोपीपुढे न्यायालयाचा प्रश्न असतो की तू काय केलेस आणि त्याबद्दल तुला किती शिक्षा द्यावी. मुलाच्या बाबतीत, त्याने काय केले हे तर पाहायचेच, पण त्याखेरीज हा मुलगा कोण, येथवर कसा येऊन पोहोचला आणि याला परत कसे आणता येईल, हेही पाहायचे. प्रश्न बदलला की प्रश्न विचारणारी माणसे, जागा, मुदत आणि भाषा या सर्वच गोष्टी बदलतात. बाल न्यायाचा सारा कायदा या एका बदलातून निघालेला आहे.

हा विचार आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकविला, असेही समजण्याचे कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी त्यांच्या आश्रमात मुद्देमाल लपविला, राजपुरुषांनी मौनव्रती ऋषींनाच चोरांचे साथीदार ठरविले आणि राजाने त्यांना सुळावर चढविले. पुढे मांडव्यांनी धर्मदेवतेला जाब विचारला की हे भोग कोणत्या पापाचे. धर्माने सांगितले, लहानपणी तू कीटकांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास. मांडव्य संतापले. अजाण वयातील एवढ्याशा कृत्याला एवढी शिक्षा? त्यांनी धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांपर्यंत घडलेले कृत्य पातक मानले जाणार नाही अशी मर्यादा घालून दिली. न्याय देणाऱ्यालाच शिक्षा होते आणि नियम बदलतो, अशी ही विलक्षण कथा आहे. वयाची रेषा कोठे ओढावी हा वाद किती जुना आहे, हेही तिच्यावरून समजते.

आता आधुनिक कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८२ प्रमाणे सात वर्षांखालील मुलाने केलेले कोणतेही कृत्य अपराध ठरत नसे. कलम ८३ सात ते बारा वर्षांच्या मुलांविषयी होते. आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम जाणण्याइतकी समज त्या मुलाला आलेली नसेल, तर त्याचेही कृत्य अपराध ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण हे दोन्ही नियम तिच्या कलम २० आणि २१ मध्ये जसेच्या तसे आले आहेत. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सात वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत अपराधच घडत नाही. तेराव्या किंवा सोळाव्या वर्षी केलेली चोरी मात्र चोरीच असते. ती चोरी नव्हे असे बाल न्यायाचा कायदा कधीच म्हणत नाही. चोरी झाली, आता या मुलाचे काय करायचे, हा त्याचा विषय आहे.

या विषयाला आपल्याकडे बराच इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. १८५० च्या कायद्याने अनाथ आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्याची सोय केली. १८९७ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठविता येऊ लागले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत अशी शिफारस केली आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक अधिनियम केले. स्वातंत्र्यानंतरही प्रत्येक राज्याचा कायदा निराळा राहिला. एका राज्यात जो बालक, तो सीमा ओलांडताच प्रौढ, असे होऊ शकत असे.

ही विसंगती संपविण्यात एका मराठी पत्रकार स्त्रीचा वाटा आहे, याचा उल्लेख येथे आवर्जून केला पाहिजे. मुंबईच्या शीला बर्से यांनी देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करण्यास सांगितले, मुलांच्या प्रकरणांना मुदती घालून दिल्या आणि सर्व देशाला एकच कायदा असावा असे सुचविले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला. त्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता स्वीकारली, भारताने १९९२ मध्ये तिला मान्यता दिली आणि तिच्याशी सुसंगत अशा २००० च्या नव्या अधिनियमाने मुलगा असो वा मुलगी, मर्यादा अठरा केली. आज लागू आहे तो २०१५ चा अधिनियम. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली.

इतिहास एवढा पुरे. कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. दोन मुलांनी मिळून एक मोटारसायकल चोरली. एकाचे वय एकोणीस, दुसऱ्याचे सतरा. दोघे एकाच गल्लीतले आणि एकाच रात्री, एकाच वाहनावर पकडले गेले.

एकोणीस वर्षांच्या मुलाचा मार्ग आपणांस माहीत आहे. त्याला अटक होते, पोलीस ठाण्याच्या कोठडीत ठेवले जाते, दंडाधिकाऱ्यासमोर नेले जाते, पोलीस त्याची कोठडी मागू शकतात. पुढे जामीन मिळाला तर ठीक, न मिळाला तर तुरुंग. मग दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, निकाल. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि हा डाग नोकरीच्या अर्जापासून चारित्र्याच्या दाखल्यापर्यंत त्याच्या मागे राहतो.

सतरा वर्षांच्या मुलाला पोलीस अटक करीत नाहीत, ‘ताब्यात’ घेतात. सामान्यतः मुलाविरुद्ध प्रथम माहिती अहवालही नोंदविला जात नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. अपराध अतिगंभीर असेल किंवा प्रौढाच्या साथीने केलेला असेल तरच अहवाल नोंदवितात. आपल्या उदाहरणात एकोणीस वर्षांचा साथीदार असल्याने तो नोंदविला जाईल. पण त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, कारण मुलाचे प्रकरण प्रौढाबरोबर चालविण्यास कायद्याने मनाई आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, तुरुंगात पाठविता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याशी बोलणारा बालकल्याण पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, असा नियम आहे. पालकांना कळवायचे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचे.

हे मंडळ तीन जणांचे असते. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक स्त्री. मंडळाची खोली न्यायालयासारखी दिसू नये, उंच चौथरा नसावा, साक्षीदाराचा पिंजरा नसावा, असे नियमांतच लिहिले आहे. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी जुन्याच इमारतीतली जुनीच खोली आणि जुनेच बाक असतात. तरीही उंच चौथरा नाही एवढ्यानेसुद्धा फरक पडतो. न्यायाधीशाच्या डोळ्यांना डोळे भिडले की मूल बोलू लागते, हा माझा अनुभव आहे.

जामिनाचा नियम तर उलटाच आहे. प्रौढाच्या बाबतीत काही गुन्हे जामीनपात्र, काही नाहीत. मुलाच्या बाबतीत हा भेदच उरत नाही. जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद. नाकारण्याची कारणेही तीनच आहेत: सोडल्यास तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक अथवा मानसिक धोका पोहोचेल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल. अपराधाची गंभीरता या यादीत नाही. जामीन नाकारला तर मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात.

नंतर जे चालते त्याला कायदा खटला म्हणत नाही, चौकशी म्हणतो. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शेजाऱ्यांना भेटतो, शाळेत जाऊन वर्गशिक्षकाशी बोलतो आणि सामाजिक अहवाल तयार करतो. बाप दारू पितो का, आई धुणीभांडी करते का, मुलाने शाळा कोणत्या इयत्तेत सोडली आणि का सोडली, हे सारे त्यात येते. शिक्षकांनी हा अधिकारी आल्यावर ‘आम्हाला काही माहीत नाही’ असे म्हणून त्याला वाटेला लावू नये. वर्गात तो मुलगा कसा होता, हे सांगणारा मंडळापुढे बहुधा दुसरा कोणी नसतो. चौकशी चार महिन्यांत आणि फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची. मोटारसायकलच्या चोरीसारख्या, तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या अपराधात त्या मुदतीत ती संपली नाही तर प्रकरण बंद होते.

मुलाने अपराध केल्याचे दिसून आले तर? मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला लावू शकते, पालकांकडून दंड घेऊ शकते, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. जोडीला शाळेत जाण्याचा किंवा एखादा व्यवसाय शिकण्याचा आदेशही देता येतो. ज्या कायद्यात ‘शाळेत जा’ हा न्यायालयीन आदेश असू शकतो, तो कायदा शाळेने वाचलेला असावा, एवढेच म्हणतो.

शब्दांविषयीही थोडे सांगतो. कायदा ‘बालगुन्हेगार’ हा शब्द वापरीत नाही. मराठीत त्यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द योजला आहे. तो उच्चारताना जीभ अडखळते हे मान्य, पण त्यामागचा हेतू चांगला आहे. गुन्हेगार ही ओळख होऊन बसते, संघर्ष हा एक प्रसंग असतो. आपली वृत्तपत्रे मात्र जुन्या शब्दाला अजून चिकटून आहेत.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणीही विचारील, आणि विचारलेही पाहिजे, की चोरीचे ठीक, पण खुनाचे काय? बलात्काराचे काय? १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये जे घडले त्यातील एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याचे वयही शाळेच्या नोंदीवरूनच ठरले. त्याला विशेष गृहात तीन वर्षे ठेवण्यात आले, तेवढीच कायद्याची मर्यादा होती, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला. लोकांचा संताप अनावर झाला. वास्तविक न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या आपल्या अहवालात वयाची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नव्हती, सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ती खाली आणण्यास नकार दिला होता. तरी डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेने नवा कायदा संमत केला आणि पहिल्यांदाच एक दार उघडले गेले. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर ‘अतिगंभीर’ अपराधाचा, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे अशा अपराधाचा आरोप असेल, तर मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यमापन करावे. अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती तपासावी, आणि आवश्यक वाटल्यास प्रकरण बालन्यायालयाकडे सोपवावे. तेथे तो प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरा जाऊ शकतो.

तरीही तो पूर्णपणे प्रौढ होत नाही. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला तुरुंगात पाठविता येत नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवावे लागते. शिक्षेचा काळ उरला असेल तर एकविसाव्या वर्षी न्यायालय पुन्हा पाहते की हा तरुण सुधारला आहे काय, आणि त्यानुसार सोडू शकते. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही.

माझे या तरतुदीविषयीचे मत प्रतिकूल आहे. मुलाने ते कृत्य केले की नाही हे सिद्ध होण्यापूर्वीच, ते करण्याची क्षमता त्याच्या मनात होती की नाही हे मंडळाने ठरवायचे! आणि तेही घटनेच्या वेळी त्याचे मन कसे होते, हे नंतर काही बैठकांत ओळखायचे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम नाजूक असल्याचे सांगून मानसशास्त्राच्या तज्ज्ञांची मदत घेण्यावर भर दिला. पण खून करणे वाईट हे सोळा वर्षांच्या कोणत्या मुलाला ठाऊक नसते? त्या वयात उणीव असते ती समजेची नव्हे, आवर घालण्याच्या शक्तीची. मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करून आवेगाला लगाम घालतो तो विशी उलटल्यानंतरही परिपक्व होत राहतो, असे शास्त्र सांगते. टोळक्यात असताना मुले जे करतात ते एकेकटी असताना करीत नाहीत, हे तर शास्त्राची वाट न पाहता कोणताही वर्गशिक्षक सांगेल.

मात्र दुसरी बाजू मी हलकी मानीत नाही. ज्या आईची मुलगी गेली तिला मारेकऱ्याच्या वयाशी काय कर्तव्य? तिच्या दुःखाला बाल न्यायाच्या कायद्याकडे पुरेसे उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे तिची बाजू फारशी ऐकलीच जात नाही, आणि ही मला या कायद्यातील खरी उणीव वाटते. पण ती भरून काढण्यासाठी मुलांना प्रौढ ठरविणे हा उपाय नव्हे. देशभरात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांपैकी मुलांच्या नावावर सुमारे एक टक्काच असतात. त्यांतलेही बहुसंख्य चोरी, मारामारी असे असतात.

मे २०२४ मधील पुण्याचे मोटार अपघाताचे प्रकरण अनेकांच्या मनात असेल. दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. हा भेद गदारोळात हरवला. परंतु घाईने घातलेल्या अशा अटीमुळेच सबंध कायदा हास्यास्पद दिसू लागतो, हेही खरे. पुढे त्याला प्रौढ मानावे असा अर्ज पोलिसांनी केला आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही, आणि असा अपराध ‘अतिगंभीर’ या व्याख्येत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते. या प्रकरणात लोकांना जे खुपले ते बरेचसे श्रीमंतीबद्दल होते, वयाबद्दल कमी. मंडळापुढे येणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी मोटार तर दूरच, सायकलही नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अठरा वर्षे, सोळा वर्षे, बारा वर्षे या सर्व रेषा शेवटी एका तारखेवर उभ्या आहेत. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशी, हे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायम केले. आणि ते कशावरून ठरवायचे? २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे शालान्त प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आणि या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, असे न्यायालये मानत आली आहेत. म्हणजे शाळेची नोंद पहिली आणि डॉक्टरचे मत शेवटचे.

एवढा विश्वास कायद्याने शाळेवर टाकला, पण शाळांनी या रकान्याकडे कसे पाहिले? आपल्याकडे आणि महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून आहे. इतकी मुले एकाच दिवशी जन्मली, असा चमत्कार काही झालेला नाही. बापाला तारीख ठाऊक नसे, आई म्हणे, ‘श्रावणात, पाऊस फार झाला त्या साली’. आणि मास्तर प्रवेशासाठी वय बसेल असा १ जून लिहून मोकळे होत. हेतू चांगला असे, मूल शाळेत यावे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हापासून ज्यांच्या घरात कागदच नव्हता अशा कुटुंबांतील मुले शाळेच्या दप्तरात येऊ लागली. पुष्कळांच्या आयुष्यातील पहिली लेखी नोंद शाळेने केली. तिच्यातील एक-दोन महिन्यांना तेव्हा कोण विचारणार?

गणिताच्या गुरुजींचे स्मरण असल्याने एक उदाहरण मांडतो. मुलाचा खरा जन्म सप्टेंबर २००६ चा, पण रजिस्टरात १ जून २००६ अशी नोंद आहे. जुलै २०२४ मध्ये त्याच्यावर मारामारीचा आरोप आला. खरे वय सतरा वर्षे दहा महिने, कागदी वय अठरा वर्षे एक महिना. खऱ्या वयाने तो मंडळापुढे जायचा आणि कागदी वयाने कोठडीत जाणार. नोंद उलट दिशेने चुकली असेल तर प्रौढ माणूस बालक ठरेल. म्हणूनच न्यायालये नोंदीवर आंधळा विश्वास ठेवीत नाहीत. जन्मतारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे सिद्ध झाले नाही तर तिला पुरावा म्हणून फारसे मोल नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले होते. २०२३ मधील एका निकालात नुसता शाळा बदलल्याचा दाखला, ज्याला आपण येथे ‘एलसी’ म्हणतो, तो वयाचा पुरेसा पुरावा मानला गेला नाही. सबब प्रवेशाच्या वेळी ज्या कागदावरून तारीख लिहिली त्याची प्रत रजिस्टराबरोबर जपून ठेवणे आणि खाडाखोड न करणे हे मुख्याध्यापकांचे मोठेच काम आहे.

ही नोंद काय करू शकते याचे एक उदाहरण पुण्याचेच आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे एका कुटुंबातील सात जणांची, पाच स्त्रिया आणि दोन मुलांची, हत्या झाली. आरोपींपैकी राजस्थानातून आलेल्या एकाला प्रौढ समजून खटला चालला. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. त्याचे नाव मी घेत नाही. निकालात ते आहे, पण बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याचे कलम ७४ मनाई करते आणि तो नियम व्यासपीठावरही पाळावा असे मला वाटते. अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. त्याने तो २०१८ मध्ये केला. चौकशी झाली तेव्हा त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद पुढे आली. तेथे नावही वेगळे होते, परंतु माणूस तोच, हे न्यायालयाला पटले. त्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त करण्याचा आदेश दिला. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, त्यातील पुष्कळसा फाशीच्या छायेत. बालक म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

हे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा त्या सात जणांचा विचार मनातून जाईना, आणि त्या रजिस्टराचाही जाईना. राजस्थानातील एका खेड्यातल्या कोणा मास्तराने ऐंशीच्या दशकात ती ओळ लिहिली असेल. ती लिहिली गेली, दप्तर वाळवीने खाल्ले नाही आणि कोणीतरी ते पुन्हा उघडले, एवढ्यावर एका माणसाचा जीव टिकला.

शेवटी शाळेपुढे हमखास येणारा एक व्यावहारिक प्रश्न सांगतो. मंडळाकडून सुटून आलेला मुलगा दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छितो आणि ‘एलसी’ मागतो. त्याच्या वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहावे? या कायद्याखाली ज्याचे प्रकरण निकालात निघाले त्याला त्या निर्णयामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याची कागदपत्रे नष्ट करावी लागतात. बालन्यायालयाने सोळा वर्षांवरील मुलाला अतिगंभीर अपराधात दोषी ठरविले असेल तर मात्र हे लागू होत नाही. चारित्र्याच्या दाखल्यासाठी विचारणा झाली तरी मिटलेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनीही उघड करायची नसते. म्हणून शाळेने त्या रकान्यात मुलाची शाळेतील वर्तणूक जशी होती तशी लिहावी, शाळा सोडण्याच्या कारणात ‘दुसऱ्या शाळेत प्रवेशासाठी’ असे लिहावे, आणि पोलीस, मंडळ किंवा निरीक्षणगृह यांचा उल्लेख दाखल्यावर कोठेही करू नये. जन्मतारीख मात्र रजिस्टरात असेल तीच, अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहावी.